शाखा निवडण्याआधी प्रश्न निवडा

विज्ञान प्रदर्शनात मुलाचा नंबर आला की घरात पेढे वाटले जातात. दहावीनंतर तेच मूल 'मला यातच काहीतरी करायचंय' म्हणालं, की आई-वडिलांच्या पोटात गोळा येतो. ही काळजी रास्त आहे. पण अशा वाटेने गेलेली माणसं आपल्याच मुलखात आहेत.

लक्ष्मणराव किर्लोस्कर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकत होते. रंग नीट ओळखता येत नाहीत हे कळल्यावर ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. १९१० मध्ये औंधच्या राजांच्या मदतीने कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

फलटणचं उदाहरण अलीकडचं. आयआयटी कानपूर आणि फ्लोरिडात शिकलेले डॉ. अनिल राजवंशी १९८१ मध्ये अमेरिका सोडून निंबकर कृषी संशोधन संस्थेत आले. तिथे गोड ज्वारीवर काम झालं: दाणे खायला, ताटांचा रस अल्कोहोलसाठी. तीव्र अल्कोहोल चटकन पेट घेतं, स्वयंपाकघरात ते धोक्याचं. म्हणून जवळपास निम्मं पाणी मिसळलेल्या अल्कोहोलवर चालणारी शेगडी तिथे तयार झाली. शेगडीपुढे बसणाऱ्या बाईचा विचार आधी, यंत्राचा नंतर. २०२२ मध्ये राजवंशींना पद्मश्री मिळाली.

मुलाची गोडी खरी आहे का, हे बक्षिसावरून कळत नाही. उसाचं पाचट, हळद शिजवणं, माण-जतची पाणीटंचाई यांतला एखादा प्रश्न त्याला घेऊ द्या. केलेलं यंत्र कुणाच्या शेतात बंद पडलं, तर दुरुस्तीला तो आपणहून जातो का, ते पाहा. माझ्या मते एका जादा क्लासपेक्षा ही परीक्षा मोलाची.

शाळेत असताना इन्स्पायर-मानक योजनेत कल्पना पाठवता येते. निवड झाली तर नमुना बनवायला पैसे मिळतात. हाताने शिकणाऱ्यांसाठी पाबळच्या विज्ञान आश्रमाची ग्रामीण तंत्रज्ञानाची पदविका आहे. पदवी सांगलीच्या वालचंद कॉलेजमधून किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकीतून घेऊन पुढे आयआयटी मुंबईच्या 'सितारा' या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्रात 'टेक्नॉलॉजी अँड डेव्हलपमेंट'मध्ये एम.टेक. करता येतं. पेटंट हवं असेल तर यंत्र चारचौघांत दाखवण्याआधी अर्ज करावा.

सुरुवातीला कमाई बेताचीच असेल. घर किती वर्षं सांभाळून घेऊ शकतं, तो आकडा मुलासमोर आजच मांडा.