फिटची गोळी आणि हृदयाची तपासणी

फिटच्या जुन्या रुग्णाच्या पिशवीत फेनिटोइन, कार्बामाझेपिन किंवा फेनोबार्बिटोन यांपैकी एखादं पाकीट हमखास निघतं. फेनोबार्बिटोन 1912 पासून वापरात आहे, फेनिटोइन 1938 पासून. स्वस्त आणि गुणकारी. रेणापूरचा रुग्ण लातूरला किंवा अंबाजोगाईला दाखवून येतो, फिट थांबते आणि मग तीच मळकी चिठ्ठी मेडिकलवर वर्षानुवर्षं चालते. पुन्हा डॉक्टरकडे कशाला जायचं, असं घरच्यांना वाटतं.

इथेच घोटाळा होतो.

या तिन्ही गोळ्या यकृतातल्या विकरांचा वेग वाढवतात. त्यातून रक्तातलं कोलेस्टेरॉल चढतं. 2009 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी काही रुग्णांची फेनिटोइन किंवा कार्बामाझेपिन बदलून लेव्हेटिरासेटाम अथवा लॅमोट्रिजिन सुरू केली. सहा आठवड्यांत कोलेस्टेरॉल उतरलेलं दिसलं. 2021 साली ब्रिटनमधल्या 31 हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा विकरं वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत हृदय-रक्तवाहिन्यांचे आजार सुमारे 21 टक्के जास्त आढळले. आकडा दचकवणारा आहे खरा, पण दहा वर्षांनंतर प्रत्यक्ष फरक शंभरात एखाद्या माणसाचा. व्हॅल्प्रोएट या फिटच्या आणखी एका गोळीची तऱ्हा वेगळी: भूक वाढते, वजन वाढतं, साखरही बिघडू शकते.

एवढं वाचून कुणी गोळी बंद केली, तर मात्र अनर्थ. अचानक गोळी सोडल्याने लागोपाठ फिट येऊन जीव जाऊ शकतो, आणि तो धोका दहा वर्षांनी नव्हे, चार दिवसांत येतो. रेणुकादेवीच्या नवरात्रात उपवास धरणाऱ्यांनीही गोळी आणि झोप चुकवू नये. गोळी बदलायचीच असेल, तर मेंदूरोगतज्ज्ञ हळूहळू बदलतात.

रुग्णाने वर्षातून एकदा रक्तदाब, वजन, साखर आणि उपाशीपोटी कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं. तंबाखूची पुडी खिशात असेल, तर ती आधी काढावी. तिच्यापुढे गोळीचा दोष किरकोळच.

हृदयाच्या डॉक्टरला फिटच्या गोळीचं नाव सांगणं लोक हटकून विसरतात. लाजही असते म्हणा. पण फेनिटोइनमुळे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनचा आणि रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्यांचा असर कमी होतो. उलट, रक्तदाबासाठी डिल्टियाझेम सुरू झाली, तर कार्बामाझेपिनचं रक्तातलं प्रमाण वाढून तोल जातो, डोळ्यांना दोन-दोन दिसतं. तेव्हा चिठ्ठीपेक्षा सगळी पाकिटंच सोबत न्यावीत.

गोळ्या नियमित असूनही रुग्ण कोसळत असेल, तर दरवेळी ती फिटच असेल असं नाही. हृदयाचे ठोके बिघडले तरी शुद्ध हरपते, हातपाय झटकतात. अशा वेळी डोस वाढवण्याआधी ईसीजी काढावा.