मोटारीच्या ब्लोअरचा दोषसंकेत : अर्थ, तपासणी व उपाय



मोटार ही आता आपल्या व्यवसायात चैनीची वस्तू राहिलेली नाही. आदिलाबादच्या व्यापाऱ्यास निर्मल, पांढरकवडा किंवा नागपूरची वाट वारंवार धरावी लागते व तीही पुष्कळदा पहाटेच्या अंधारात. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि धंदा धान्याच्या ठोक विक्रीचा. यंत्रविद्येतील अधिकार आम्ही सांगत नाही. तथापि अनुभवाची किंमत मोजून जे शिकलो, ते सभासदांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सहकुटुंब पहाटे निर्मलकडे निघालो होतो. आपल्या जिल्ह्यातील थंडीचा कडाका वाचकांस ठाऊकच आहे. पाच जणांच्या श्वासाने समोरच्या काचेवर आतून वाफ धरली. ती घालविण्यासाठी ब्लोअर लावला, तो मुळीच चालेना. काच पुसेपर्यंत दिवा नसलेली एक बैलगाडी अवघ्या काही हातांवर आली. चिरंजीवांनी वेळीच ब्रेक दाबला म्हणून अनर्थ टळला. अशा वेळी खिडक्या थोड्या उघडाव्यात, गाडी बाजूस घेऊन काच स्वच्छ होईपर्यंत थांबावे. ब्लोअर केवळ गारव्यासाठी नसतो, हे त्या दिवशी उमजले.

एका गॅरेजात यंत्र जोडून पाहता ‘ब्लोअर सर्किटमध्ये दोष’ असा संकेत निघाला. मिस्त्रीने लगोलग ब्लोअरची मोटर बदलली. आठ दिवसांनी ब्लोअर पुन्हा बंद आणि संकेत तोच!

येथेच आमची मूळ चूक होती. रोजमेळ जुळला नाही म्हणजे फरक आहे एवढेच कळते. तो कोणत्या नोंदीत आहे, हे पाने उलटूनच शोधावे लागते. दोषसंकेताचेही तसेच आहे. तो सर्किटाचे नाव सांगतो, बिघडलेल्या भागाचे नव्हे. या संकेतांतील पहिले अक्षर ‘पी’ असल्यास दोष इंजिन व गिअर यांच्याकडील, ‘बी’ असल्यास मोटारीच्या सांगाड्यातील सोयींचा. ब्लोअरचे संकेत बहुधा ‘बी’ वर्गात येतात व ते प्रत्येक कंपनीचे आपापले असतात. स्वस्त यंत्रे बहुधा ‘पी’ वर्गच वाचतात; तेव्हा ‘यंत्रात काही दिसत नाही’ एवढ्यावर समाधान मानू नये.

आता विजेची वाट पाहू. बॅटरीतून निघालेली वीज फ्यूज व रिले यांतून ब्लोअरच्या मोटरीकडे जाते आणि अर्थिंगच्या तारेने परतते. वेग कमीजास्त करण्यासाठी साध्या गाडीत रेझिस्टर असतो. स्वयंचलित वातानुकूलनाच्या गाडीत बहुधा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतो. साध्या गाडीत फक्त सर्वांत मोठा वेग चालत असेल, तर संशय प्रथम रेझिस्टरवर घ्यावा. एकही वेग चालत नसेल, तर फ्यूज, रिले, मोटर, जोडण्या व अर्थिंग क्रमाने तपासावे.

आमची गाडी दुसऱ्या प्रकारची. शेवटी एका वयस्क इलेक्ट्रिशियनने ती पाहिली. त्याने प्रथम संकेत कागदावर उतरवून घेतला. मग फ्यूज पाहिला, तो शाबूत होता. ब्लोअर बंद असताना नियंत्रकाच्या प्लगापाशी मीटरने सुमारे १२ व्होल्ट दाखविले. आम्हांस वाटले, वीज तर येते आहे! तो हसून म्हणाला, “शेठजी, रिकाम्या तागडीवरून मालाचे वजन कळते का?” प्लगाची तार हलवून त्याने ब्लोअर सुरू केला व पूर्ण वेगावर ठेवून पुन्हा मोजले, तो काटा ९ वर आला. ३ व्होल्ट वाटेतच नाहीसे होत होते. समजा १५ अँपिअर वीज वाहत असेल, तर त्या बोटभर प्लगात ४५ वॅट उष्णता साचते. प्लग उघडला, तेव्हा प्लास्टिक वितळून आतील पिन काळी पडलेली होती. मोटर बदलताना प्लग हलला, म्हणून आठ दिवस काम चालले इतकेच. काढून टाकलेली जुनी मोटर बॅटरीला जोडताच निर्वेध फिरली!

प्लग का जळाला, याचे उत्तर हवा गाळणाऱ्या जाळीत सापडले. कापसाच्या हंगामात आपल्या रस्त्यांवर रुईचे तंतू व धूळ किती उडते, हे सर्वजण पाहतोच. ती जाळी रुईने गच्च भरली होती. नियंत्रक वाऱ्याच्या झोतातच बसविलेला असतो व त्याच वाऱ्याने थंड होतो. वारा कोंडला, हवा कमी म्हणून आम्ही वेग वाढवीत गेलो, आणि नियंत्रक व प्लग दोन्ही तापत राहिले. पाणी गाळून पिणाऱ्या आपल्या घरांत या जाळीचा विसर पडावा, याची आम्हांस लाज वाटली.

नवा प्लग व नवी जाळी बसवून संकेत पुसला, पूर्ण वेगावर मोजणी केली व काही दिवसांनी यंत्र पुन्हा जोडून पाहिले. संकेत उमटला नाही. संकेत पुसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. दुरुस्तीनंतर तो परत न येणे हीच खरी पावती.

तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. फ्यूज जळाल्यास मोठ्या अँपिअरचा फ्यूज किंवा तार कदापि घालू नये; त्याने गाडीला आग लागू शकते. डॅशबोर्डखालील पिवळ्या आवरणाच्या तारा बहुधा एअरबॅगच्या असतात. त्यांना हात लावू नये. आणि कापसाचा हंगाम संपताच जाळी काढून पाहावी.

चिठ्ठी वाचून आपण पोत्याचा भाव करीत नाही. बंबी मारून दाणा तळहातावर घेतो. हीच सवय गॅरेजातही सोबत न्यावी आणि भाग बदलण्यापूर्वी ‘मोजून पाहिले का?’ एवढे अवश्य विचारावे, अशी सर्व सभासदांस आमची नम्र विनंती आहे.