ट्रॅक्टर उभा ठेवताना इंधनाची काळजी

हंगाम आटोपला की आपला ट्रॅक्टर दोन-तीन महिने शेडमध्ये उभा राहतो. अशा वेळी डिझेलची टाकी अर्धवट रिकामी ठेवू नये. रिकाम्या जागेतील हवेत बाष्प असते. रात्री टाकीचा पत्रा थंड झाला की त्याचे पाणी होते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी साचते व टाकी आतून गंजते. हे पाणी आणि गंज फ्युएल पंप व नोझलपर्यंत गेल्यास दुरुस्तीचा मोठा खर्च येतो. म्हणून टाकी जवळजवळ भरून ठेवावी. उष्णतेने डिझेल फुगते, त्यासाठी वर थोडी जागा सोडावी. झाकण घट्ट लावावे. ट्रॅक्टर पुन्हा सुरू करण्यापूर्वी टाकीचा व फिल्टरचा तळाचा बोल्ट सैल करून साचलेले पाणी काढावे.

पेट्रोलवरील फवारणी पंपाचे मात्र उलट आहे. सध्याच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते व ते ओलावा शोषते. शिवाय पेट्रोल उडून कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर राहतो. त्यामुळे पंपाची टाकी मोकळी करावी आणि कार्ब्युरेटरमधील पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. इंधन काढताना जवळ विडी, दिवा नसावा.