मुख्याध्यापकाने काय ऐकावे?

कूशी अधिकारी रथात वाचीत असता फिलिप्पाने त्याला अर्थाविषयी विचारले (प्रे. कृत्ये ८:३०). शाळाप्रमुखांच्या प्रशिक्षणाचे मर्म मला याच प्रश्नात दिसते.

वाराणसीचेच पाहा. राजा जयनारायण घोषाल यांनी तेथील आपली शाळा १८१८ साली चर्च मिशनरी सोसायटीकडे सोपविली. म्हणजे विद्येची परंपरा जुनी. परंतु पुष्कळ मुलांच्या घरी भोजपुरी आणि पुस्तकात हिंदी. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ योजनेने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे ध्येय २०२६-२७ पर्यंत ठेविले. ते एकट्या वर्गशिक्षकाने साधण्यासारखे नाही.

मुख्याध्यापकाने स्वतः वर्गात बसून मुलापुढे न पाहिलेले वाक्य ठेवावे. पाठ झालेला धडा काहीच सांगत नाही. ‘कि’मध्ये वेलांटी आधी दिसते, तिचा उच्चार मात्र व्यंजनामागून होतो, मूल तेथे अडखळले, तर चिन्ह व ध्वनी यांचा संबंध पक्का करावा. सरळ वाचूनही अर्थ सांगता आला नाही, तर उणीव भाषेची आहे. गोष्ट आधी भोजपुरीत बोलून घ्यावी. दोन्ही दुखण्यांवर ‘पुन्हा वाच’ हे एकच औषध देणे (आपल्या रविवारच्या शाळांतही ते चालते!) व्यर्थ होय. कोणत्या मुलाचे काय अडते, हे त्याच दिवशी शिक्षकाशी बसून ठरवावे.