जुने कर्ज आणि त्याची मुदत

गेल्या पावसाळ्यात, शाळा सुटण्याच्या सुमारास, आमच्या दहावीच्या वर्गातील एका विद्यार्थिनीचे आजोबा हातात भिजलेला लिफाफा घेऊन शिक्षकांच्या खोलीपाशी आले. गावच्या तिंट्यावर त्यांचे शीतपेयांचे लहानसे दुकान होते. ते बंद होऊन बरीच वर्षे झाली. लिफाफ्यातील कागद आमच्यापुढे ठेवून ते म्हणाले, "मास्तर, आता पाचशे रुपये भरा आणि ह्या कागदावर सही करा, बाकीचे मागाहून पाहू, असे फोनवर सांगतात. भरू का?"

हकिकत अशी होती. २०१३ साली दुकानात फ्रीज घेण्यासाठी त्यांनी एका बँकेकडून चाळीस हजार रुपये कर्ज काढले. मुलगा, म्हणजे आमच्या विद्यार्थिनीचे वडील, जामीन राहिला. शेवटचा हप्ता जून २०१६ मध्ये गेला. पुढे दुकानच उठले. मध्यंतरी बँकेने ते कर्ज दुसऱ्या एका कंपनीला विकले आणि आता ती कंपनी १,१२,००० रुपये मागत होती. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. कायद्याची परीक्षा आम्ही दिलेली नाही. म्हणून त्यांना एवढेच सांगितले की, आठ दिवस कशावरही सही करू नका. त्या आठ दिवसांत आम्ही जे वाचले व एका वकील स्नेह्याकडून पडताळून घेतले, तेच येथे विद्यार्थ्यांसाठी व त्यांच्या घरच्या मंडळींसाठी मांडीत आहोत.

कर्ज वसूल करण्यासाठी न्यायालयात जाण्यास धनकोला कायमची मोकळीक असावी काय, हा प्रश्न जुना आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने ठरविले की, सावकार व रयत यांच्यामधील कर्जखताची मुदत तीन वर्षेच राहील. व्याज वर्षानुवर्षे साचत जाऊन रयत त्याखाली दडपून जाऊ नये, हा हेतू. परंतु झाले भलतेच. दर तीन वर्षांनी सावकार कुळाला बोलावून नवे खत लिहवून घेऊ लागला. थकलेले व्याज नव्या खतात मुद्दल म्हणून चढे आणि त्या मुद्दलावर पुन्हा व्याज सुरू होई. लिहिता-वाचता न येणारा शेतकरी निमूटपणे अंगठा उठवी. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज आकारल्याचे एक प्रकरण पुढे सरकारी चौकशीत उघडकीस आले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) कापसाला भाव आला, तेव्हा सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपून भाव कोसळताच हात आखडता घेतला. अखेर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी बाजारात जमले. त्यांचा रोख मुख्यत्वे सावकारांच्या वह्या व कर्जखते यांवर होता. ती मागून घेऊन त्यांनी जाळली. हेच ते इतिहासाच्या पुस्तकातील दख्खनचे दंगे. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार काय होता हे तपासण्याची मुभा न्यायाधीशांना मिळाली.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, आजोबांच्या हातातील कागद वाचताना आम्हांस त्या अंगठ्यांचीच आठवण झाली.

आज लागू असलेला मुदतीचा कायदा १९६३ चा आहे. साध्या, बिनतारणी कर्जाच्या वसुलीचा दावा सर्वसाधारणपणे रक्कम देय झाल्यापासून तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. स्थावर गहाणाच्या कर्जाला बारा वर्षांची मुदत आहे. मुदत उलटून दावा आला, तर प्रतिवादीने तसा आक्षेप घेतला नाही तरी न्यायालयाने तो फेटाळलाच पाहिजे. (गोव्याची गोष्ट काही काळ निराळी होती. येथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता होती आणि तीत वीस व तीस वर्षांच्या मुदती होत्या. मुक्तीनंतरही त्या चालूच आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली दिला. २००१ साली त्याच न्यायालयाने तो फिरविला आणि १९६३ चा कायदाच येथे लागू असल्याचे ठरविले. आमच्या गावातील काही वृद्ध अद्यापि 'कर्जाला वीस वर्षे' म्हणतात, त्याचे मूळ बहुधा येथे असावे.) आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. कोविडच्या साथीमुळे १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीच्या मोजणीतून वगळला आहे. आजोबांची तीन वर्षे मात्र त्याआधीच, २०१९ साली, पुरी झाली होती.

आता त्या सहीचे मर्म. मुदत शिल्लक असताना ऋणकोने सहीनिशी कर्जाची कबुली दिली, किंवा काही रक्कम भरून तशी लेखी नोंद केली, तर तीन वर्षे त्या दिवसापासून नव्याने सुरू होतात. मुदत संपून गेल्यावर नुसती कबुली पुरत नाही, नुसते पाचशे रुपये भरल्यानेही ती पुन्हा जिवंत होत नाही. परंतु 'हे कर्ज मी फेडीन' असे वचन लिहून खाली सही केली, तर १८७२ च्या करार कायद्याच्या २५ व्या कलमान्वये तो एक नवा, पाळण्याजोगा करार ठरतो. आजोबांच्या कागदावर, अगदी बारीक अक्षरांत, चौथ्या ओळीत नेमके हेच वाक्य होते आणि त्यात रक्कम होती १,१२,००० ची. पाचशे रुपये हे केवळ निमित्त. मोलाची होती ती सही.

आमचे एक सहकारी हे ऐकून रागावले. "तुम्ही मुलांना कर्ज बुडविण्याची विद्या शिकविता," असे ते म्हणाले. त्यांचा राग आम्हांस अनाठायी वाटला नाही. आमच्या घरच्या कोकणीत कर्जाला रीण म्हणतात आणि रीण फेडल्यावाचून डोळे मिटू नयेत, हे आम्ही आजीच्या तोंडून ऐकत आलो. कायद्यानेही मुदत गेली म्हणजे ऋण नाहीसे होते असे नाही. न्यायालयाचे दार तेवढे बंद होते. तारण ठेवलेले सोनेही मुदत संपली म्हणून आपोआप परत मिळत नाही. तथापि किती देणे आहे, कोणाला आहे आणि कोणत्या हिशेबाने आहे, हे विचारल्यावाचून सही करणे म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे. आजोबांनाही कर्ज बुडवावयाचे नव्हतेच. "घेतले ते देईन," एवढेच ते म्हणत होते.

शिवाय एक अडचण अशी होती की, तिच्यावर मुदतीचा कायदा काहीच करू शकत नव्हता. आमच्या विद्यार्थिनीच्या थोरल्या बहिणीला परिचारिकेच्या शिक्षणक्रमास प्रवेश मिळाला होता आणि त्यासाठी वडिलांना सहकर्जदार करून शैक्षणिक कर्ज काढावयाचे होते. बँकेने वडिलांचा पतअहवाल मागविला, तो डागाळलेला निघाला; कारण जामीनदाराच्या अहवालातही ते जुने कर्ज उतरते. पतअहवाल म्हणजे कोणी कोणते कर्ज घेतले व कसे फेडले, याची नोंदवही. २००५ च्या कायद्याखाली भारतात अशा चार कंपन्या काम करतात: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. त्या तीनशे ते नऊशे यांमधील गुणांक देतात. दाव्याची मुदत संपली म्हणून येथील नोंद पुसली जात नाही. बँकेने कर्ज 'निर्लेखित' केले असे त्यात लिहिलेले असते, त्याचा अर्थ माफ केले असा पुष्कळजण करतात, तो चुकीचा आहे. बँकेने आपल्या हिशेबापुरते ते बुडीत धरले, एवढाच त्याचा अर्थ.

प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याचा हक्क आपणांस आहे. वडिलांनी तो मागविला, तेव्हा एकच कर्ज दोनदा दिसले: एकदा बँकेच्या नावे आणि एकदा विकत घेणाऱ्या कंपनीच्या नावे, दोन्ही ठिकाणी थकीत. अशी चूक आढळल्यास लेखी तक्रार करावी. पतकंपनी स्वतः होऊन नोंद बदलू शकत नाही, तिला धनकोकडून खात्री करून घ्यावी लागते. पण हे सारे तीस दिवसांत उरकले पाहिजे. त्याहून उशीर झाल्यास दर दिवसाला शंभर रुपये भरपाई तक्रारदारास मिळावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून अमलात आहे. तेथे दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते व त्यासाठी शुल्क पडत नाही.

वसुलीच्या फोनांविषयी दोनच शब्द. सकाळी आठच्या आधी व सायंकाळी सातनंतर फोन करावयाचा नाही, धमकावावयाचे नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांत बोभाटा करावयाचा नाही, असे रिझर्व्ह बँकेने बजावले आहे. आजोबांना फोन रात्री नऊला येत. त्यांनी तारखा व वेळा नातीकडून वहीत टिपून ठेवविल्या. तिचे अक्षर चांगले आहे.

मग आजोबांनी कंपनीला नोंदणीकृत टपालाने पत्र पाठविले. 'हे पत्र म्हणजे कर्जाची कबुली नव्हे' हे पहिले वाक्य. पुढे मूळ कराराची प्रत, बँकेने कर्ज विकल्याचा कागद आणि व्याजाचा तपशीलवार हिशेब यांची मागणी. फोनच्या वेळांची यादी सोबत जोडली होती. दीड महिन्याने उत्तर आले. हिशेबाप्रमाणे मुद्दलापैकी १८,४०० रुपये बाकी होते. उरलेली सारी रक्कम व्याज व दंड यांची होती. मुदत उलटून गेली आहे, हे दोन्ही पक्षांना ठाऊक होते. आजोबांनी मुद्दलाची बाकी एकरकमी देऊ केली आणि कंपनीने ती मान्य केल्याचे पत्र हाती आल्यानंतरच धनादेश दिला. बाकी नसल्याचा दाखला त्यांनी लोखंडी पेटीत, घराच्या कागदांबरोबर ठेवला आहे.

बँकेच्या नावची दुहेरी नोंद सत्ताविसाव्या दिवशी निघाली. दुसरीवर 'तडजोडीने मिटविले' असा शेरा आहे. पूर्ण फेडलेल्या कर्जाइतका तो चांगला नाही आणि काही काळ तो राहील, हे आम्ही त्यांना आधीच सांगितले होते. शैक्षणिक कर्ज मागितलेल्या बँकेने तो दाखला व नवा अहवाल मागून घेतला आहे. हा अंक छापावयास जाईपर्यंत तिचा निर्णय कळलेला नव्हता. थोरल्या बहिणीच्या पहिल्या सहामाहीचे शुल्क मामांनी भरले.