कपाटातलं संशोधन सर्वांच्या हाती

शिक्षक बंधू-भगिनींनो आणि पालकांनो, एम.एड. करताना लिहिलेला लघुशोधप्रबंध आठवतोय ना? तोंडी परीक्षा झाली की त्याची प्रत कॉलेजच्या कपाटात जाते. चौथीच्या मुलांना भागाकार का जमत नाही, यावर कुणीतरी वर्षभर डोकं लावलेलं असतं. पण दुसऱ्या गावातल्या शिक्षकाला ते कळतच नाही. तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

ग्रे लिटरेचर म्हणजे काय?
प्रबंध, अहवाल, चर्चासत्रातले निबंध असं जे लेखन प्रकाशकामार्फत बाजारात येत नाही, त्याला ग्रे लिटरेचर म्हणतात. ते कमी दर्जाचंच असतं असं नाही. ते सहज सापडत नाही, हीच खरी अडचण.

रिपॉझिटरी काय करते?
व्हॉट्सअॅपवर पाठवलेली पीडीएफ चार दिवसांत खाली जाते. विद्यापीठाच्या डिजिटल रिपॉझिटरीत मात्र प्रत्येक फाइलसोबत लेखक, वर्ष, विषय आणि सारांश नोंदवतात, म्हणून ती शोधता येते. बहुतेक ठिकाणी तिला कायमचा पत्ताही मिळतो. संकेतस्थळ बदललं तरी तो चालावा, अशी सोय असते.

आपल्या देशातलं मोठं उदाहरण म्हणजे 'शोधगंगा'. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ती चालवतं. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं. आज तिथे लाखो प्रबंध आहेत, मराठीतलेही. पालकांनो, तुम्हीसुद्धा ते मोफत वाचू शकता.

पण शोधगंगा आहे मुख्यतः पीएच.डी.साठी. एम.एड.चं काम, शाळेतलं कृतिसंशोधन यांचं काय? त्यासाठी आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथपालांना भेटा. रिपॉझिटरी आहे का, आपलं लेखन घेतील का, हे विचारा.

देण्याआधी एवढं करा
१. मुलांची नावं, फोटो, ओळख पटेल असा तपशील काढून टाका.
२. दुसऱ्याची चाचणी किंवा चित्रं वापरली असतील तर परवानगी घ्या.
३. संमतीपत्र नीट वाचा. फाइल ठेवायला दिली म्हणजे लेखनावरचा हक्क सोडला, असं नसतं. पण इतरांनी ते कसं वापरायचं हे त्यातच ठरतं.
४. सारांशात साधे शब्द घाला. 'गणितीय संपादणूक' लिहा, पण 'भागाकार' आणि 'इयत्ता चौथी' हेही लिहा. शोधणारा तेच टाइप करणार आहे!

एका वर्गात सापडलेलं उत्तर दुसऱ्या वर्गातल्या मुलांना मिळायलाच हवं. तेव्हा या सुट्टीत तेवढं कपाट उघडाच.