वाफ, लाकूड आणि उतावळा मास्तर



आपल्यापैकी काहींनी विचारलं आहे की मौद्याच्या वसतिगृहात मुलांना धनुष्य करायला का शिकवता? शिकारीला उत्तेजन तर नाही ना? प्रश्न रास्त आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, आणि आमच्या मुलांचा नेम धानाच्या तणसाने भरलेल्या पोत्यावर असतो. राष्ट्रीय तिरंदाजीत बांबू-लाकडाच्या धनुष्यासाठी ‘इंडियन राऊंड’ हा वेगळा प्रकार आहे. १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळलेले लिंबाराम हे राजस्थानचे आदिवासी तिरंदाज. लहानपणी त्यांच्याही हातात बांबूचंच धनुष्य होतं.

पण आज मला लाकूड वाकवण्याबद्दल लिहायचं आहे, कारण त्यात माझी एक चूक झाली.

आम्ही धामणाचं लाकूड वापरतो. चिवट लाकूड, कावडीचा दांडा आणि अवजारांची मूठ करायला पूर्वीपासून नावाजलेलं. लाकडात तंतू असतात आणि त्यांना जखडून ठेवणारा, लिग्निन नावाचा डिंकासारखा पदार्थ असतो. गरम ओल मिळाली की तो नरम होतो. मग तंतू एकमेकांवरून थोडे सरकतात आणि काठी न मोडता वाकते. गार झाली की डिंक पुन्हा घट्ट होतो. म्हणून भट्टीत कडक वाळवलेलं लाकूड घेऊ नये, ते तडकतं. सावलीत अर्धवट सुकलेलं बरं.

चुलीवर पत्र्याचा डबा, त्यातून निघणारी वाफ लांब लाकडी पेटीत. मी आधी प्लास्टिकचा पाइप लावला होता. तो वाफेने असा लोंबला की मुलं दिवसभर हसत होती. पेटीला भोक हवंच, वाफ कोंडली तर पेटी फुटेल. दार उघडताना बाजूला उभं राहायचं, तोंड पुढे न्यायचं नाही. वेळेचा सुतारी हिशेब सोपा आहे: एक इंच जाडीला एक तास. आमची टोकं अर्धा इंचाची, म्हणून अर्धा तास. काठी बाहेर काढली की हातात मोजून अर्धं मिनिट असतं. जाड हातमोजे, साचा आणि शिकंजे आधीच मांडून ठेवायचे. साच्याचा बाक हवा त्यापेक्षा थोडा जास्त ठेवायचा, कारण सुटल्यावर लाकूड जरा मागे येतंच.

इथपर्यंत मी बरोबर होतो. ऑगस्टमध्ये काही पाहुणे येणार होते. त्यांना तयार धनुष्यं दाखवायची म्हणून मी दुसऱ्याच दिवशी शिकंजे काढायला लावले आणि दोऱ्या चढवल्या. दोन धनुष्यं ताणली तशीच वाकून राहिली, सरळ होईनात. तिसरं एका सातवीतल्या मुलाच्या हातात मोडलं आणि तुकडा त्याच्या भुवईवर लागला. तीन टाके पडले. डोळा वाचला, यासाठी मी आजही देवाचे आभार मानतो.

त्या मुलाचा आजा गडचिरोलीत, धानोऱ्याकडे राहतो. तो भेटायला आला तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो. त्याने मोडलेला तुकडा नाकाशी नेला, नखाने दाबला. “हे ओलंच आहे ना जी मास्तर. ओल्याले ताणलं का ते तसंच रायते.” एवढंच बोलला. मग मुलांना निखारे करायला सांगितले आणि ओल्या बांबूची एक पट्टी त्यावर फिरवत फिरवत वाकवून दाखवली. ना पेटी, ना डबा. बांबूच्या पोटातलंच पाणी तापून आतून वाफ होते. मी जे यंत्र उभारलं होतं, ते त्याच्या घरी निखाऱ्यात आणि बोटांत होतं. खरं सांगायचं तर आधी त्याला विचारायला हवं होतं. काही वर्षांपूर्वी याच वसतिगृहात येणाऱ्या मुलांना मी तिरकमठा घरी ठेवून यायला सांगत असे.

आता आम्ही साच्यात आठवडाभर ठेवतो, मग सावलीत. टोकांना मेण लावतो, नाहीतर तिथून चिरा जातात. दर दोन दिवसांनी किराण्याच्या काट्यावर वजन करून मुलं वहीत लिहितात. वजन उतरायचं थांबलं की लाकूड सुकलं. त्याआधी दोरी नाही, पाहुणे कोणीही असोत.

पुढचं काम कानशीचं. दोन्ही बाहू सारखे वाकले पाहिजेत. एक दुबळा राहिला तर बाण बाजूला जातो, आणि ताणणाऱ्याला वाटतं आपलाच नेम चुकला. स्तोत्र ७८:५७ आणि होशेय ७:१६ मध्ये फसव्या धनुष्याची उपमा आहे. पदविकेच्या वर्गात मी ती परीक्षेपुरती पाठ केली होती. हातात कानस आल्यावर समजलं की असं धनुष्य भिंतीवर टांगलेलं असताना इतरांसारखंच दिसतं. ताणल्याशिवाय कळत नाही. बाण न लावता मात्र ताणून सोडायचं कधीच नाही, त्याने चांगलं धनुष्यही मोडतं.

जानेवारीत पाच धनुष्यं तयार झाली. टाके पडलेल्या मुलाने पहिले दोन दिवस हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच वही काढून माझ्यासमोर वजनं वाचली, मगच दोरी चढवली. दहा मीटरवरून सहापैकी चार बाण पोत्यात. दोन बाण कुंपणापलीकडे गेले, ते अजून शोधतो आहोत.

दिवाळीनंतर बांबू तोडायचा आहे. तेव्हा त्यात कीड कमी लागते. तीन वर्षांपुढचा मानवेल हवा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेरचा बांबू वन कायद्यात झाड धरला जात नाही. तेव्हा ज्यांच्या बांधावर असेल त्यांनी कळवावं, आम्ही येऊन तोडून नेऊ. आजाही येणार आहे. त्याचं एसटीचं भाडं आणि दहा शिकंजे, एवढी गरज सध्या आहे.